उत्तर आल्याशिवाय

सूप सांडलं ती चूक सर्वस्वी तिची. वाटी स्टुलाच्या कडेला ठेवली, चमचा घ्यायला वळली आणि कोपर लागलं. पातळ पायजम्यातून चटका थेट कातडीला बसला. त्याचा चेहरा आवळला, डावा हात हवेत उडाला, उजवा मांडीवर होता तसाच पडून राहिला, डोळ्यांत पाणी आलं आणि तोंड उघडलं. अशा वेळी माणूस काय ओरडतो? आई गं म्हणतो. मेलो म्हणतो. डोळे फुटले का म्हणतो. तिचा नवरा गरजला, "उंचावरच्यांनो, त्याला गौरव द्या!" एकही अक्षर न अडखळता, खणखणीत, रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्याच आवाजात. आणि मग तिच्याकडे बघत राहिला. मांडी भाजतेय, गालावरून पाणी ओघळतंय आणि तोंडात देवाचा गौरव. तिने पायजमा खेचून काढला, बाथरूममधून थंड पाण्याच्या बादल्या आणून ओतल्या, गादी भिजली, फरशी भिजली, कातडी लालबुंद झाली पण फोड आला नाही. त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा हळू. मग पुन्हा. ती उठली, बाथरूममध्ये जाऊन पालथ्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "बास. आता बास कर." हे तिने नवऱ्याला म्हटलं नव्हतं. हे वर म्हटलं होतं, आणि अरेतुरे करून म्हटलं होतं.

तशी ती भांडखोर बाई नव्हे, निदान देवाशी तरी नव्हे. लहानपणापासून त्याच चर्चमध्ये, त्याच शेवटच्या बाकावर बसत आलेली. त्यांच्या मंडळीत स्तुतीची स्तोत्रं एकट्याने वाचून टाकायची पद्धत नाही, ती वाटून घेतात. वाचक पुढे उभा राहून एक ओळ म्हणतो आणि तिचं उत्तर मंडळी देते. वाचक म्हणतो, उंचावरच्यांनो, त्याला गौरव द्या. मंडळी म्हणते, तळातल्यांनो, तुम्हीही द्या, कारण त्याने आपल्याला टाकले नाही. मग गारा आणि बर्फ, मग सूर्य, मग चंद्र, झाडं, गुरं, राजे, म्हातारी माणसं, सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं आणि प्रत्येक वेळी मंडळीने तेच सांगायचं, त्याने आपल्याला टाकले नाही. हा वाचक म्हणजे तिचा नवरा. शिकलेला बेताचा, धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा, नखांत कायमचं काळं वंगण, पण आवाज असा की पाळकांचा मायक्रोफोन लाजेल. हा आवाज लिफ्टच्या खड्ड्यात तयार झालेला. तो खाली, जोडीदार वर मशिनच्या खोलीत, मधे सगळ्या मजल्यांची उभी अंधारी पोकळी. खालच्याने हाक द्यायची, वरच्याने ओ द्यायची, आणि ओ आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. "म्हणाला असेल, मलाच ऐकू आलं नसेल, असं धरून चालणारे सगळे आता भिंतीवर फोटोत आहेत," असं तो सांगायचा आणि वर हसायचा. स्तोत्रही तो तसंच वाचायचा. मंडळीचा शेवटचा आवाज संपेपर्यंत पुढची ओळ नाही.

शेवटचा आवाज नेहमी तिचा असायचा. तिचा श्वासच तसा, लांबणारा. सगळे 'नाही'वर येऊन थांबले तरी तिचा 'नाही' एकटाच पुढे जात राहायचा. लहानपणी गायनाच्या बाईंनी ह्याच कारणासाठी तिला गायकवृंदातून काढलं होतं, आणि ह्याच कारणासाठी त्याने तिच्याशी लग्न केलं होतं. "सगळे संपले तरी मागून एक शेपूट येतच होतं. म्हटलं बघावं तरी कोणाचं आहे," हे तो लेकीच्या लग्नातसुद्धा सांगून मोकळा झाला. तेव्हापासून तिचं घरातलं नाव शेपूट. शेपूट, चहा. शेपूट, माझा स्क्रूड्रायव्हर कुठं ठेवलास. तिला राग यायचा. आता ती पलंगाची भिजलेली चादर पिळत होती आणि तिला वाटत होतं, एकदा म्हण. चहा नको मागूस, पाणी नको मागूस, नुसतं शेपूट म्हण. मी जन्मभर तुझी गादी पिळीन.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो ना खड्ड्यात होता ना कुठल्या शिडीवर. घरी दारात बसून बूट घालत होता. एका पायात बूट आणि दुसरा हातात, असा तो कलंडला. त्यानंतर दवाखान्यात कितीतरी दिवस नुसती नजर, तीही कुठे लागलेली कळायचं नाही. आणि मग एका सकाळी, नर्स उशी बदलत असताना, तो आवाज. उंचावरच्यांनो. सगळा वॉर्ड दचकला. ती धावत आली आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून इतकी रडली की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. बोलला, बोलला, एवढंच मनात. आज एक ओळ आली, उद्या दुसरी येईल, परवा माझं नाव येईल, असा तिचा साधा हिशेब. दुसरी ओळ आली नाही. भूक लागली की तीच ओळ. चादर ओली झाली की तीच. ती दुकानातून परतली, दार उघडलं, की तीच. पहिल्यांदा ती हसायची, मग गप्प राहायला लागली, मग ओळ सुरू झाली की दात आवळून घ्यायला लागली. शेजारीण म्हणाली, "किती छान, सतत देवाचं नाव." तिला शेजारणीच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं, पण तीच शेजारीण दुपारी त्याच्याजवळ बसत होती म्हणून तिने तिला चहा दिला.

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, दवाखान्याने पाठवलेली, शहाणी आणि नीटनेटकी. पलंगावर चित्रांचे पत्ते मांडायची. पाणी दाखवा. त्याने चमच्यावर बोट ठेवलं. पलंग दाखवा. सफरचंद. "आता बायको दाखवा हं काका," असं म्हणून तिने एक बाईचं चित्र, एक घड्याळ आणि एक छत्री ठेवली, आणि त्याचं बोट बराच वेळ हवेत तरंगून छत्रीवर उतरलं. मुलीने पत्ते गोळा केले. "काकू, तुम्ही त्या ओळीत अर्थ शोधू नका," ती दारात चपला घालताना म्हणाली. "गाणी, पाढे, प्रार्थना, शिव्या, हे पाठ असलेलं मागे उरतं कधीकधी. ते आपोआप येतं. बोलणं वेगळं असतं."

"शिव्या उरल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मुलीला हसावं की नाही कळेना. ती म्हणाली, "खरंच, बऱ्याच जणांच्या उरतात." आणि गेली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुकानात, काम करताना तिला ते नीट टोचलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तिची खुर्ची. काच फ्रेमच्या मापाने घासायची, कडेला धार आणायची, फ्रेम गरम हवेवर धरून जरा मऊ झाली की अंगठ्यांनी दाबून काच बसवायची. काच खाचेत गेली की टक् असा बारीक आवाज होतो, आणि तो ऐकायची तिच्या बोटांना सवय. त्या दिवशी तिने काच दाबली आणि आवाज आलाच नाही, कडेचा टवका उडाला. ती फुटकी काच उजेडाला धरून बसली. म्हणजे असं झालंय तर, तिच्या मनात आलं. देवा, तू सगळं नेलंस. त्याचं पाणी नेलंस, भूक नेलीस, माझं नाव नेलंस, दुखलं तर दुखतंय म्हणायचं तेही नेलंस. आणि स्वतःची स्तुती तेवढी मागे ठेवलीस. घर लुटून जाणाऱ्याने भिंतीवर आपलाच फोटो लावून जावा तसं. त्या स्तोत्रातल्या गारांवर तो नेहमी थट्टा करायचा. "गारांना कोण विचारतं? त्या पडतात. हे म्हणतात, बघा, स्तुती करतायत." ती तेव्हा त्याला दटावायची, देवाची थट्टा करू नये म्हणून. आता घरात पलंगावर तोच त्या गारांसारखा पडला होता, आणि येणारे जाणारे म्हणत होते, बघा, स्तुती करतोय. मालकांनी आत डोकावून विचारलं, काच कशी फुटली. ती म्हणाली, माझ्या हातून फुटली, आणि दुसरी घासायला घेतली.

लेक फोनवर आधीपासून सांगत होती. तिच्या शहरात, तिच्या घराजवळ एक चांगली संस्था होती, अशा माणसांना सांभाळणारी. "आई, त्यांना कळतच नाही गं, कोण भरवतंय ते. मी बघितलंय ना. मग तू कशाला जीव काढतेस?" ती बघू म्हणायची. तिच्या त्या बघूमध्ये एकच अट होती, जी तिने लेकीला कधी सांगितली नाही. त्याला ती कळत असेल तर तो तिच्याजवळ राहील. कळत नसेल तर चमचा कोणाच्याही हातात असला तरी काय बिघडलं? सूप सांडलं त्या संध्याकाळी तिने स्वतःहून फोन लावला आणि म्हणाली, "ने." लेक म्हणाली, "सोमवारी सकाळी गाडी येईल, मी शनिवारीच येते." फोन ठेवल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. बिछान्यात तो जागा होता. तिच्याकडे बघून त्याने तोंड उघडलं. ती दिवा मालवून दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली.

पाळकांना ही बातमी लागली आणि ते लगोलग आले. माणूस मनाचा चांगला, रडका. पहिल्यांदा आले होते तेव्हा त्यांनी त्या ओळीला मंडळीचं उत्तर दिलं होतं, कारण त्याने आपल्याला टाकले नाही, अगदी भरल्या गळ्याने. तिच्या नवऱ्याने कपाळाला आठी घातली होती आणि तीच ओळ परत म्हटली होती. पाळकांनी परत उत्तर दिलं, त्याने परत ओळ म्हटली, असं चाललं, शेवटी पाळकांनी रुमाल काढला. "बाई, ही साक्ष आहे," ते म्हणाले. आजही त्यांना तेच म्हणायचं होतं. जायच्या आधी एक रविवार त्याला पुढे आणू या. सगळ्या मंडळीने ऐकायला हवं. सगळं गेलं तरी माणसाच्या ओठांवर काय उरतं ते.

"त्याला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

"देवाला कळतं ना."

"देवाला कळत असतं तर," ती म्हणाली आणि थांबली, कारण पाळकांचा चेहरा खरोखरच लहान झाला. तिला त्यांची दया आली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या आईला पुरलं होतं, लेकीचा बाप्तिस्मा केला होता. "न्या," ती म्हणाली. "पण मी पुढे बसणार नाही. तोंडही उघडणार नाही." पाळक म्हणाले, तुमची इच्छा.

रविवारी त्याला अंघोळ घालून लेकीने इस्त्रीचा सदरा चढवला. उजवा हात बाहीत घालताना मेल्यासारखा लोंबत होता तो. चाकांची खुर्ची दोघींनी पायऱ्यांवरून उचलून आत नेली आणि पाळकांनी ती थेट पुढे, वाचकाच्या जागी, मंडळीकडे तोंड करून लावली. लेक पहिल्या बाकावर बसली. ती स्वतः मागे गेली, आपल्या बाकावर, खांबाच्या आड, जिथून तिला तो दिसत होता पण तिच्याकडे सहज कोणाची नजर गेली नसती. बाकाची कड तिच्याच हाताने गुळगुळीत झालेली. तिने ती धरली. प्रार्थना झाली, गाणी झाली, ती उभी राहिली आणि बसली, ओठ मिटलेले. जगात कितीतरी माणसं ह्याच घटकेला देवाची स्तुती करत असतील, आणि त्यांतल्या एकालाही ती करायला भाग पाडलेलं नसेल, असं तिला वाटत राहिलं. पाळक बोलले, चांगलं बोलले, लोकांनी डोळे पुसले. मग ते बाजूला झाले.

त्याने बाकांकडे बघितलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, लिफ्टचा दोर तपासावा तसं. छाती भरून घेतली. "उंचावरच्यांनो, त्याला गौरव द्या!" एवढ्या मोठ्या दालनात तो आवाज पूर्वीसारखाच फिरला, आणि सगळी मंडळी एका दमात उठली. तळातल्यांनो, तुम्हीही द्या, कारण त्याने आपल्याला टाकले नाही. हुंदके, खाकरणं, मग शांतता. तो मान जराशी कलती करून बसला होता. मग त्याने तीच ओळ परत म्हटली. मंडळीने आणखी जोराने उत्तर दिलं. त्याने परत म्हटली. मंडळीने दिलं, पण आता काही जण खाली बघत होते. पुढच्या वेळी उत्तर विरळ झालं, कोणी पूर्ण केलं, कोणी अर्ध्यातच सोडलं. पाळक पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमेन." डाव्या हाताने त्याने तो हात झटकून टाकला. परत तीच ओळ. ह्या वेळी आवाज फाटला. आता ते वाचन राहिलं नव्हतं. कोणीतरी खोल खड्ड्यात उभं राहून वर हाक मारत होतं. लेकीने मागे वळून तिला शोधलं, तिच्या ओठांवर होतं, आई, थांबव ना गं त्यांना. कोणी पुढे होईना, कोणी बसेना. त्याची मान कलतीच होती, डावा कान मागच्या बाकांकडे.

ती मान तिला माहीत होती. शनिवारी संध्याकाळी तो उद्याची ओळ घोकायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी घासत असायची आणि तिथूनच उत्तर द्यायची. कधी त्याच्यावर चिडलेली असली की मुद्दाम द्यायची नाही. मग तो पुढे जायचाच नाही. तीच ओळ म्हणत दारात येऊन उभा राहायचा, मान अशीच कलती करून, ती हसून उत्तर देईपर्यंत. दवाखान्यातल्या त्या सकाळपासून, रडताना, मग हसताना, मग दात आवळताना, आजपर्यंत तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. पाळकांनी दिलं, आज अख्ख्या मंडळीने दिलं. तिने नाही. तो अजून पहिल्या ओळीवरच उभा होता. मांडी भाजली तेव्हाही तो तिलाच हाक मारत होता आणि वरून ओ येत नव्हती.

पण ओ म्हणजे काय द्यायची? त्याने आपल्याला टाकले नाही. टाकलंय. तिला ते स्वच्छ दिसत होतं, पुढे चाकांच्या खुर्चीत, लोंबत्या हातासकट. ह्या ओळीवर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता, आणि तिच्या नवऱ्यापाशी जायला दुसरा रस्ताही उरला नव्हता. बाकीचे सगळे शब्द वाहून गेले होते. हे एवढेच होते, दुसऱ्याच कोणाच्या स्तुतीचे. तिला ओरडून रडावंसं वाटलं. तो पुन्हा हाक मारत होता, आता जवळजवळ कुजबुजत.

ती उठून उभी राहिली. "तळातल्यांनो," तिच्या घशातून आधी नुसती खरखर आली. "तुम्हीही द्या. कारण त्याने आपल्याला टाकले," आणि मग तो 'नाही', लांबणारा, कापरा, भिंतींना लागून येणारा, संपता संपत नाही असा. सगळ्यांची डोकी मागे वळली. तो हलला नाही. तिचा शेवटचा श्वास विरेपर्यंत थांबला. मग त्याच्या चेहऱ्याची वाकडी बाजू तशीच राहिली आणि दुसरी बाजू सैल झाली, जणू कोणीतरी वरून सांगितलं, हं, चालव. आणि झटक्यानंतर कोणीच त्याच्या तोंडून ऐकली नव्हती ती पुढची ओळ आली.

"गारांनो आणि बर्फा, त्याला गौरव द्या."

मंडळीतलं कोणी तोंड उघडलं नाही. पाळकही नाही. लेक तोंडावर हात घेऊन तिच्याकडे बघत होती. तिने लेकीकडे बघून मान हलवली, गाडी नको. घरी गेल्यावर तो पाण्याच्या चित्रावर बोट ठेवणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. बायको म्हटलं की छत्रीच दाखवणार होता. भूक, थंडी, दुखणं, राग, माया, सगळं आता ह्या एवढ्या ओळींत बसवायचं होतं, आणि रोज, विश्वास असो नसो, तिला हे खोटं की खरं कळत नसलेलं उत्तर द्यायचं होतं. ते संपायचं नव्हतं. तिने बाकाची कड घट्ट धरली आणि श्वास घेतला. समोर तो मान कलती करून थांबला होता.